मंडळीकडे तोंड करून

"डोकं कुठल्या अंगाला?" खुंट्या ठोकून, दोरी ताणून झाल्यावर कबर खणणाऱ्याने विचारलं. "आधीच सांगून ठेवा. पेटी खांद्याशी रुंद असते, पायाशी निमुळती. खड्डाही तसाच घ्यावा लागतो. ऐन वेळी फिरवा म्हणाल तर जमायचं नाही."

"सगळ्यांचं असतं तसंच घे," सेक्रेटरी म्हणाले. चर्चच्या मंडळीच्या कमिटीचे हे सेक्रेटरी घड्याळाकडे बघतच बोलायचे, मग काम लग्नाचं असो की मयताचं. "डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. शेवटच्या दिवशी प्रभू पूर्वेकडून येणार, उठलं की समोर. त्यात विचारायचं काय?"

"पाळकांचं तसं नसतं."

संडे स्कूलच्या बाई. काठी टेकत मागे कधी येऊन उभ्या राहिल्या, कुणाला कळलंच नव्हतं. सेक्रेटरींच्या कपाळाला आठी पडली. पडणारच. या आखलेल्या जागेच्या पश्चिमेला, पहिल्याच ओळीत, बाईंच्या मुलीची कबर होती. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती दोनदा पाळकांच्या, आज ज्यांना पुरायचं होतं त्यांच्याच, दारात गेली होती. दोन्ही वेळा पाळकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि तिला स्वतः नवऱ्याघरी नेऊन सोडलं. का, तर घर मोडू नये. नाहीच मोडलं ते. मुलगी इथे आली, आणि जावयाने त्याच घरात दुसरी आणली. तेही लग्न पाळकांनीच लावलं.

पाळकांचा मुलगा पुढे झाला. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. "बाई, आज नको ना. पप्पा प्रभूजवळ आहेत आता. डोळे मिटले त्याच क्षणी पोचले ते. इथे मातीत कसंही ठेवलं तरी त्यांना काय फरक पडतो?"

"पोचले? इतक्यात?"

"हो, बाई. तसा विश्वास आहे आपला."

"माझी मुलगी गेली तेव्हा मी पोलिसांत निघाले होते रे. चपला घालून दारात उभी होते. तुझे पप्पा आडवे आले. म्हणाले, न्याय करणं आपलं काम नाही, बाई. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, सगळे मेलेले उठतील, तेव्हा देव करील न्याय. तोवर सगळे झोपलेत, तुमची मुलगीही झोपलीय. मी चपला काढल्या." बाईंनी दम घेतला. "आणि आता तुझे पप्पा परस्पर पोचलेसुद्धा?"

"देवाच्या सेवकांची गोष्ट वेगळी असते," सेक्रेटरी म्हणाले.

"असं होय! म्हणजे बक्षीस हातोहात, आणि न्याय तेवढा शेवटच्या दिवशी. बरी सोय आहे की."

कबर खणणारा उगाच फावड्याची माती पुसत बसला. मुलगा खाली मान घालून उभा. पहिली प्रार्थना त्याला बाईंनी शिकवलेली, कानही त्यांनीच पिळलेला. त्यांना उलट उत्तर द्यायला त्याची जीभ रेटेना.

मग बाईंनीच आवाज खाली आणला. "जाऊ दे. भांडायला नाही आले मी. तुझ्या पप्पांनी मला जे सांगितलं तेच मी खरं धरून चालते. शेवटच्या दिवशी सगळे उठणार. म्हणून तर पाळकाला उलटं ठेवायची पद्धत आहे. डोकं पूर्वेला, तोंड मंडळीकडे. उठले की आपली माणसं समोर. आधीच्या पाळकांना तसंच ठेवलंय, जुन्या भागात जाऊन बघ. तुझ्या पप्पांचा तेवढा मान कशाला चुकवायचा?"

मुलाला हुंदका आवरेना. त्याने बाईंचे दोन्ही हात धरले. "बाई, पप्पांना शेवटी तुमचंच मनाला लागलं होतं. बाईंनी मला माफ करायला हवं होतं, असं सारखं म्हणायचे. आज ते असते तर..."

बाईंनी हात सोडवून घेतले नाहीत. तोंडातून शब्दही काढला नाही.

"बरं, उलटं तर उलटं," सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं. "चला, तिकडे लोक खोळंबलेत." आणि चर्चच्या पायऱ्या चढता चढताच त्यांनी दोघातिघांच्या कानावर घातलं, की बाईंनी माफ केलं हो, मोठं मन त्या माऊलीचं. ऐकणाऱ्यांनाही हायसं वाटलं. इतकी वर्षं बाई समोर आल्या की काय बोलावं हा त्यांना प्रश्नच पडायचा. तो आता सुटला.

इकडे खणणाऱ्याने कुदळ उचलली.

"थांबा, दादा. ही दोरी जरा सरकवा."

"कुठे?"

बाई मुलीच्या कबरीच्या पायथ्याशी गेल्या. तिच्या दगडाकडे पाठ करून, पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि त्यांनी काठी सरळ समोर धरली. "इकडे डावीकडे. अजून थोडी. अजून."

त्याने काठीकडे पाहिलं, मग त्यांच्या मागच्या दगडाकडे. खुंटी उपटून हातात घेतली, पण ठोकली नाही. "बाई, एवढ्या तेवढ्याने काय होतंय? इथून तर सगळीच मंडळी दिसेल त्यांना."

"सगळ्यांचं मला काही नाही," बाई म्हणाल्या. काठी अजून तशीच समोर धरलेली होती. "शेवटचा दिवस म्हणाले ना ते? थांबते मी. पण उठल्या उठल्या पहिली तीच दिसली पाहिजे."