पुढचं लहान दार

म्हातारा वाकून ट्रेलरमध्ये शिरला तो बराच वेळ बाहेर आलाच नाही. आतून फक्त काठीचा आवाज येत होता. तो तळाच्या फळ्या ठोकून पाहत होता.

ट्रेलर भाड्याने देणारा बाहेर चिंधीला हात पुसत उभा होता. त्याने पलीकडचा दोन मजली ट्रेलर पुन्हा एकदा सुचवला. नवा होता, हलका होता, ब्रेक चांगले होते. म्हाताऱ्याच्या मुलीलाही तोच हवा होता. गाडी तिलाच चालवायची होती आणि बाजाराचा रस्ता चढउताराचा होता. पण म्हाताऱ्याने त्या नव्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तो या जुन्या, गंजक्या, लांबोड्या ट्रेलरवरच अडून बसला होता, कारण याला पुढच्या अंगाला एक लहान दार होतं.

"मेंढ्यांना खिडकीजवळची जागा लागते का काय, काका?" भाडेवाल्याने आत डोकावून विचारलं.

मुलगी ओशाळली. तिने त्याला बाजूला घेऊन समजावलं. मेंढरं अशी सहजासहजी ट्रेलरमध्ये चढत नाहीत. बाबांकडे एक म्होरकी मेंढी आहे. ती आधी चढते, थेट पुढे जाऊन त्या लहान दारापाशी उभी राहते. मग बाकीची तिच्यामागून निमूट आत जातात. शेवटची चढली, की बाबा पुढचं दार उघडून म्होरकीला उतरवून घेतात. कळप बाजाराला जातो, ती घरी राहते. वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं. त्यांचा स्वतःचा ट्रेलर याच घडणीचा होता, पण त्याचा तळ सडून गेला होता.

या खेपेला मात्र मागे काहीच उरणार नव्हतं. घर आणि कुरण विकून झालं होतं. रविवारी नवे मालक राहायला येणार होते. बाबा तिच्याकडे शहरात जायचे होते, तिसऱ्या मजल्यावर. तरण्या मेंढ्या कुणी ना कुणी पाळायला नेईल. म्होरकी म्हातारी झाली होती, आणि म्हातारी मेंढी बाजारात फक्त खाटकाला हवी असते. एवढं शेवटचं मुलीने भाडेवाल्याला सांगितलं नाही. घरातही ते कुणी बोललं नव्हतं.

ती आत गेली. आत ओल्या लोकरीचा जुना वास होता. म्हातारा लहान दारापाशी उभा राहून कडी वर करत होता, खाली पाडत होता, पुन्हा वर करत होता. त्याची पाठमोरी मान पाहून तिला भरून आलं. एवढा वेळ आपण ब्रेकचं काय घेऊन बसलो, असं तिला झालं.

"बाबा, हाच घेऊ," ती म्हणाली. "म्होरकीला नेहमीसारखी उतरवून घ्या. मी शेजारच्यांशी बोलते. राहील त्यांच्या परसात."

"त्यांच्याकडे मेंढ्या कुठे आहेत?"

"नसू देत. एकटी राहील."

"एकटी मेंढी चरत नाही. भिंतीकडे तोंड करून उभी राहते, आणि तशीच जाते." त्याने कडी खाली पाडली. "तिला सगळ्यांबरोबरच जाऊ दे."

मुलीला काही उमगेना. मग हे दार कशाला हवंय, असं तिने विचारलं.

"ते दिसलं नाही तर ती चढायची नाही. आणि ती चढली नाही, तर कुणीच चढायचं नाही."

मग तिच्या खांद्यावरून त्याने भाडेवाल्याला विचारलं, या दाराला बाहेरून कुलूप लागतं का. लागतं, तो म्हणाला. म्हाताऱ्याने मान हलवली. ट्रेलर ठरला.

मुलगी जागची हलली नाही. "बाबा, इतकी वर्षं तिने तुमच्यावर भरवसा ठेवला," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि शेवटी तिला फसवायचं?"

म्हातारा फळ्यांवरून जपून पावलं टाकत बाहेर निघाला होता. तो थांबला. त्याचा आवाज चढला नाही.

"शहरात नाही करमलं तर परत आणून सोडीन, असं तू मला म्हणालीस. मी विचारलं का, कुठे म्हणून?"