ओळखीचा आवाज

तीस वर्षं शिरूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून माइकवरून गाड्या पुकारून यादवराव ओव्हाळ निवृत्त झाले. मग त्यांनी परसात गुलाब लावले, आसपासच्या गावांतल्या शिलालेखांचे ठसे घेतले आणि सरतेशेवटी गाणं शिकायला घेतलं. दोन वर्षांच्या रियाजानंतर बुद्धपौर्णिमेला वडगाव रासाईच्या विहारात ते पहिल्यांदा चारचौघांत गायला बसले.

पहिल्याच आलापाला पुढं बसलेल्या एका म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला, तो शेवटपर्यंत खाली आला नाही. यादवरावांना भरून आलं. गाणं संपताच पेटी बाजूला सारून ते मुद्दाम तिच्यापाशी गेले.

"मावशी, कुठली ओळ एवढी मनाला लागली?"

"ओळ कसली, कंट्रोलरसाहेब? मी आवाज वळखला," म्हातारी नाक पुसत म्हणाली. "ओढ्याला पूर हाय, कवठ्याची गाडी जाणार न्हाई, असं ह्याच आवाजात सांगितलं व्हतं तुम्ही. लेकीच्या पोराचं बारसं चुकलं माझं."

यादवराव ओशाळले. "कधीची गोष्ट ही?"

"लई वर्सं झाली. पुढच्या रविवारी त्या पोराचं लगीन हाय कवठ्याला," म्हातारीनं हात जोडले. "तवा तरी गाडी सोडा."