कुंडीतली साधी माती
जनुकं बदललेले जिवाणू उघड्या शेतात महिन्याभरात मरतात, एवढंच संशोधिकेला दाखवून द्यायचं होतं. एखादा जगलाच, तर प्रयोगशाळेत त्या मातीच्या प्लेटमध्ये निळा ठिपका उमटणार होता. शेतातल्या मातीच्या एकाही प्लेटमध्ये निळं काही दिसेना, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. निळी झाली ती घरच्या कुंडीतून तुलनेसाठी आणलेल्या साध्या मातीची प्लेट. लेबलांची अदलाबदल झाली असेल म्हणून तिने पुन्हा माती आणून तपासली, पुन्हा तेच. शेवटी तिने आईला फोन लावला. “कुंडीत काय घालतेस गं?” “हल्ली काहीच नाही. पावसाळ्यात तुझे शेतातले बूट धुवायचे, ते पाणी ओतायचे. वाया कशाला घालवायचं?” तिने प्लेटवर झाकण ठेवलं. “आई, त्या कुंडीला हात लावू नकोस.” “नाही लावत,” आई म्हणाली. “झाड इतकं फोफावलं, की अख्ख्या बिल्डिंगला रोपं वाटली. मातीसकट.”