अनोळखी झाडाचं तेल

मैत्री विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये सुगंधी तेलं काढून विकायची. त्या दुपारी तिने ताम्हिणीच्या रानातल्या एका अनोळखी झाडाचं लाकूड उकळायला ठेवलं होतं.

"आता जंगलच घरात आण," कांदा परतता परतता तिचा नवरा प्रज्ञेश म्हणाला.

भांड्याला जोडलेल्या नळीतून तेलाचा पहिला थेंब पडला. मैत्रीने तो मनगटावर चोळला. "अरे, याला कांद्याचा वास येतोय."

प्रज्ञेश कढईवर वाकला. कांदा लालसर झाला होता, पण त्याला कसलाच वास नव्हता.

दुसऱ्या थेंबाला मोगऱ्याचा वास आला. मैत्रीने गॅलरीतलं फूल तोडून नाकाशी धरलं. कोरा कागद हुंगावा तसं वाटलं.

"बंद कर ते!" प्रज्ञेश ओरडला.

तिने गॅस बंद केला. भांडं गार झालं, तरी थेंब पडतच राहिले. त्यांना आता दुधाचा, पावडरीचा, कोवळ्या जावळाचा वास येऊ लागला.

दोघंही बाळाच्या खोलीकडे धावले. पाळण्यात त्यांचा लहानगा शांत झोपला होता. मैत्रीने त्याच्या टाळूवर नाक टेकवलं आणि ते वर उचललंच नाही.

"येतोय ना गं वास?" प्रज्ञेशने दारातूनच विचारलं.

ती टाळूवरून मानेकडे, मानेवरून इवल्या तळव्यांकडे हुंगत गेली. स्वयंपाकघरात थेंबांची आता धार लागली होती.