चुकलेली आगबोट

"आय, ते काळं राहू दे. आजचा दिवस तरी लाल नेस," सालोमी सासूला म्हणाली.

तेरेसाने लुगड्याला हातही लावला नाही. नवरा जाऊन अडीच महिने होत आले होते आणि थोरला मुलगा आज आफ्रिकेचा दौरा संपवून घरी येत होता. बाप गेल्याचं त्याला कुणी कळवलंच नव्हतं. तसं ठरलं होतं, आणि ठरवणारी सालोमीच होती.

"स्टेशनावर हार असतील, बँड असेल. तिथे चारचौघांत त्याला कळायला नको. घरी आल्यावर मी सांगेन. माझ्यासाठी एवढं कर, आय."

म्हातारीने लाल लुगडं नेसलं. सालोमीला स्वतःचीच चीड आली.

तिचा नवरा बस्त्याव. बाप्तिस्म्याचं नाव सेबेस्टियन, पण ते फक्त फादर घ्यायचे. देशाकडून हॉकी खेळायला गेलेला गिरीज गावचा तो पहिलाच माणूस. लहानपणी तो आणि शेजारचा पांडू केळीच्या वाडीत झावळीच्या दांड्याने गळून पडलेले कोवळे नारळ बडवायचे. पुढे पांडू बैलगाडी हाकायला लागला आणि बस्त्याव मुंबईच्या संघात गेला. ऐन उमेदीची वर्षं महायुद्धाने खाल्ली. नंतर दोनदा निवड अगदी हातातोंडाशी येऊन हुकली. तिसऱ्यांदा नाव लागलं तेव्हा त्याच्या कानांमागचे केस पिकले होते. आता नाही तर कधीच नाही, हे घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं एवढंच.

आणि नेमकी ज्या दिवशी आगबोट सुटायची, त्याच सकाळी त्याचा बा विहिरीपाशी कोसळला. उचलून ओट्यावर आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या घराची रीत अशी, की पहिली मूठमाती थोरल्या मुलाची. तो आल्याशिवाय शवपेटी हलत नाही. पांडू कुणी सांगायची वाट न बघता बस्त्यावला गाठायला पहिल्या आगगाडीने मुंबईला धावला. आगबोट दुपारची होती, म्हणजे वेळ हाताशी होता. फादर थांबले, गाव थांबलं. उन्हं कलली तेव्हा पांडू एकटाच परत आला आणि अंगणाच्या कडेला उभा राहिला.

"बोट गेली," एवढंच म्हणाला.

मग थांबण्यात अर्थ नव्हता. त्याच संध्याकाळी बाला माती दिली.

वाटेत कुठेतरी ताडी प्यायला बसला असेल, असं गावात कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं. पांडूला ताडी प्यारी होती, यात खोटं काही नव्हतं. त्याने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. सालोमीच्या दिराने, अँथनीने, वाडीची केळी त्याच्या गाडीत भरणं बंद केलं. बघून बघून इतरांनीही केलं. दोन महिन्यांत पांडूचे बैल विकले गेले. सालोमीने तर एकदा त्याला भर रस्त्यात गाठून तोंडाला येईल ते सुनावलं होतं. त्याने मुकाट ऐकून घेतलं आणि निघून गेला. त्याच्या त्या गप्प बसण्यानेच तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

तार करायची नाही, हे मात्र तिनेच ठरवलं. भर समुद्रात माणूस करणार काय? नुसता झुरेल. त्यापेक्षा खेळू दे. शाळेचे हरेश्वर मास्तर पेपर घेऊन येत आणि बस्त्यावने कुठे किती गोल केले ते वाचून दाखवत. दर गोलाला म्हातारी पदर डोळ्यांना लावायची.

बस्त्याव गाडीतून उतरला तो हारांत बुडूनच गेला. वाळला होता, रापला होता. त्याने आयचा हात धरून कपाळाला लावला आणि तिच्या लाल लुगड्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर गर्दीवरून फिरली.

"पांडू कुठाय?"

"नाय आला," अँथनी तुटकपणे म्हणाला.

सालोमीने सुटकेचा श्वास टाकला. बा कुठे आहे असं त्याने विचारलं असतं तर काय सांगायचं, याची तिने रात्रभर तयारी केली होती. बाचे गुडघे धरलेले असायचे, तो स्टेशनापर्यंत चालत येणार नाही हे त्याला माहीत होतं. घरीही माणसांचा गराडा पडला होता; त्याने बाला हाक मारली नाही.

जेवणं झाल्यावर ती त्याला वाडीत घेऊन गेली. केळींच्या सावलीत तो बांधावर टेकला. ती उभीच राहिली.

"बा गेला," ती म्हणाली. "तू निघालास ना, त्याच दिवशी. मीच कळवू दिलं नाय. मला काय बोलायचं ते बोल."

तो ओरडेल, रडेल, निदान उठून उभा तरी राहील, असं तिला वाटलं होतं. तो बसूनच राहिला. ती बोलतच सुटली.

"पांडू धावला होता मुंबईला. वेळेत पोचला असता तर तू बाला माती दिली असतीस. पेटी ठेवून आम्ही संध्याकाळपर्यंत तुझी वाट बघितली. आणि त्याचा निर्लज्जपणा बघ! पेटी खाली सोडली, तुझ्या जागी अँथनी पुढे होणार, तर हा माणसं ढकलत आला आणि पहिली मूठ यानेच टाकली. तुझ्या बाच्या अंगावर! ताडीच्या तारेतच असणार. अँथनीने दंड धरून बाहेर काढला त्याला."

बस्त्याव मान खाली घालून बसला होता. बोलला तेव्हा त्याचा आवाज तिला ओळखूच आला नाही.

"तारेत नव्हता तो," तो म्हणाला. "ती मूठ माझी होती. मीच सांगितलं होतं त्याला, बोट सुटायच्या आधी धक्क्यावर."