नाल्याच्या बाजूची खोली

“ऑक्टोबर नको. जुलैचा पहिला आठवडा,” डोरीन म्हणाली आणि तिनं चाकाच्या खुर्चीचा ब्रेक खटकन लावला.

ॲड्रिएननं लॅपटॉपवरून मान वर केली. “आई, जुलैत लास वेगासला कोण जातं? उन्हाला कंटाळून तिथलीच माणसं गाव सोडून पळतात.”

“म्हणून तर खोल्या रिकाम्या असतील.”

जेवणं नुकतीच आटोपली होती. एरी गावातल्या त्या लहानशा स्वयंपाकघरात खिम्याच्या मीटलोफचा वास अजून रेंगाळत होता. सहलीची कल्पना डोरीनचीच. चर्चमधल्या बिंगोपलीकडे जन्मात कधी न गेलेल्या बाईनं ईस्टर झाल्यावर अचानक लास वेगासचं नाव काढलं, तेव्हा ॲड्रिएनला हसूच आलं होतं. मग बरंही वाटलं. साखरेपायी आईचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला, तेव्हापासून ती घराबाहेर पडायचं नाव घेत नव्हती. आणि त्या शहरात म्हणे चाकाची खुर्ची अडेल असा उंबरठाच नाही. मुलांसाठीही पुष्कळ काही होतं. ॲड्रिएनच्या मुलीनं, टिलीनं, तिथल्या मत्स्यालयातले शार्क मासे बघायचं ठरवूनही टाकलं होतं.

पण आईचं एकेक मागणं ऐकून ॲड्रिएनच्या मनात काहीतरी खुपायला लागलं होतं. कारंज्यासमोरची खोली आईला नको होती. जादूचे खेळ नकोत, पोहायचा तलाव नको. शहराच्या कडेचं एक जुनाट हॉटेल तिनं स्वतःच शोधून काढलं होतं, आणि त्यातही खोली मागच्या बाजूचीच हवी होती. खुर्चीला जाड, खाचांचे टायर बसवून घेतले होते. शेजारचा मर्विन परवा कुंपणावरून म्हणाला होता, “तुझ्या आईला जरा सांभाळ गं. रोज गॅरेजच्या उतारावरून खुर्ची सोडून देते. ब्रेकला हातसुद्धा लावत नाही. मी ओरडलो तर मलाच म्हणते, तू तुझं गवत काप.”

आणि आज चर्चमधून परतताना गाडीत ती सहज म्हणाली होती, “तिथं गेल्यावर तुम्ही दोघी शार्क बघायला जा. माझी वाट बघत बसू नका.”

ॲड्रिएननं हॉटेलला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. हो, खुर्ची थेट न्हाणीघरात जाते. हो, पलंग खुर्चीच्याच उंचीचा आहे. हो, लहान मुलांना नाश्ता फुकट.

“आणि मागचा नाला?” डोरीननं मध्येच विचारलं.

“कुठला नाला, मॅडम?”

“पावसाचं पाणी वाहून जातं तो. सिमेंटचा. तुम्ही गाड्या लावता ना, त्याच्या मागं त्याचं तोंड आहे. तिथवर खुर्ची जाते का?”

मुलीच्या आवाजातला गोडवा गेला होता. “मॅडम, पाहुणे तिकडे जात नाहीत. काठापर्यंत डांबर आहे, पण पुढं नुसता उतार. आणि जुलैत तर मुळीच जाऊ नका. लांब डोंगरात पाऊस पडतो. इथं वर कडक ऊन असतं आणि खाली एकदम पाण्याचा लोंढा येतो. त्यात सापडलेला माणूस हाती लागत नाही.”

“उतार खरबरीत आहे की गुळगुळीत?”

ॲड्रिएननं फोन कापला.

“टिली, अंगणात जा. जा म्हटलं ना!”

टेबलाशी बसलेली टिली दार आपटून बाहेर गेली. मग ॲड्रिएन आईकडे वळली. “मी खुळी नाहीये, आई. जगायचं नसेल तर तसं माझ्या तोंडावर सांग. आम्हाला मासे बघायला पाठवून तू त्या पाण्यात जाणार होतीस?”

डोरीनला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. “अगं वेडे, जीव द्यायला इतक्या लांब कशाला जाऊ? आपल्या गावचं तळं काय आटलंय?”

“मग काय आहे त्या नाल्यात?”

“कर्टिस आहे.”

ॲड्रिएनच्या भावाचं नाव या घरात कित्येक वर्षांत निघालं नव्हतं. तो नशेच्या गोळ्यांच्या नादी लागला. नोकरी गेली, बायको गेली, मग एक दिवस तोही गेला. तो मेलाच असेल, असं तिनं मनाशी कधीच धरून टाकलं होतं.

“ईस्टरनंतर एका बाईचा फोन आला,” डोरीन म्हणाली. “ती तिथल्या नाल्यांच्या बोगद्यांतून पाणी आणि मोजे वाटत फिरते. त्या शहराखाली माणसं राहतात गं, अंथरुणं घालून. गेल्या पावसात ह्याच्या शेजारचा माणूस वाहून गेला, तरी हा हलला नाही. म्हणतो, वर माझं कोण आहे?”

“मी जाते. मी आणते त्याला बाहेर. नाहीतर पोलिसांना सांगू.”

“कुणी न्यायला आलं की तो आणखी आत सरकतो. त्या बाईनं सगळं करून बघितलंय. आणि ऑक्टोबरपर्यंत पाण्याचे दिवस उलटून जातात. तोवर तो उरला नाही तर?”

“पण तू जाऊन काय करणार आहेस?” ॲड्रिएन किंचाळलीच. “त्या उतारावरून एकदा खाली गेलीस की जन्मात तुला एकटीला वर येता येणार नाही!”

“नाहीच येणार,” डोरीन म्हणाली. “मला वर ढकलत आणायला त्यालाच बाहेर यावं लागेल.”