कव्हर घातलेलं पुस्तक

कंपनीत सगळ्यांना "मला नुसतं भूषण म्हणा" असं सांगणारा तो तरुण इंजिनिअर सत्त्याण्णव साली नव्या मशिनच्या ट्रेनिंगसाठी जर्मनीला निघाला. पहिलाच विमानप्रवास, त्यात शेजारच्या सीटवर कंपनीचे जरीवाला साहेब. त्यांच्यासमोर हातात काहीतरी भारी दिसायला हवं, म्हणून त्याने सुरत स्टेशनच्या स्टॉलवर तासभर घालवून दोन जाडजूड इंग्रजी पुस्तकं निवडली होती.

विमान ढगांत शिरून गदागदा हलायला लागलं, तसं त्या इंग्रजीतलं एक अक्षर डोक्यात शिरेना. शेवटी त्याने बॅगेच्या तळातून वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक लहानसं पुस्तक काढलं आणि ते छातीशी धरून वाचू लागला.

"शुं वांचे छे, भूषण?" साहेब वाकले. त्याने झटकन पुस्तक मिटलं. कव्हर बघून साहेबांनी डोळा मारला. "अच्छा, वो वाली किताब! कॉलेज में हम भी ऐसे ही कव्हर चढाके पढते थे. गंदी है ना?"

भूषणचे कान तापले. खरं सांगायला त्याने तोंड उघडलं, आणि म्हणाला, "हां साहेब, वो वाली ही है."



"भीती वाटली तर वाच, बुद्धभूषण," असं म्हणत आईने डिंडोलीच्या घरातून निघताना हातात दिलेलं ते बुद्धवंदनेचं पुस्तक होतं. कव्हर तिनेच घातलं होतं, पुस्तक मळू नये म्हणून.